चर्चा: शिल्लक राहिलेला झगा टाक्याला टाका तसाच शिवावा का?

उसवण:
सोळाव्या-सतराव्या शतकातल्या युरोपीय बायकांचे कपडे पुन्हा शिवून दाखवणारे व्हिडिओ हल्ली ढिगाने येतात. सगळ्यांचा एकच घोषा: संग्रहालयातल्या मूळ कपड्याबरहुकूम, टाक्याला टाका. मला हा हट्ट पटत नाही.

एलिओनोरा दि तोलेदो घ्या. फ्लॉरेन्सचा ड्यूक कोसिमो मेदिचीची बायको, १५६२ च्या डिसेंबरात गेली. थडग्यातून निघालेला तिचा झगा आता पित्ती राजवाड्यातल्या वेशभूषा संग्रहात आहे. ब्रॉन्झिनोने काढलेल्या तिच्या प्रसिद्ध चित्रातला किनखापी झगा तो हाच, असं लोक वर्षानुवर्षं धरून चालले होते. तपासणीत निघाला वेगळाच: साटीनचा, मखमलीच्या पट्ट्यांवर जरीकाम केलेला. त्यातलं रेशीम टिकलं, लिनन कुजून गेलं. म्हणजे ज्यावर सगळा डोलारा उभा होता ते आतलं कापडच नाही. नक्कल करायची ती झग्याची की थडग्याने त्याचं जे केलं त्याची?

दुसरं, जोड. तेव्हाच्या रेशमाचा पन्हा जेमतेम वीस-बावीस इंच. घेर पुरा व्हावा म्हणून शिंपी उरल्यासुरल्या तुकड्यांचे त्रिकोणी जोड लावत. आज आपण ४४ इंची पन्ह्याचं अखंड कापड आणतो, ते कापतो आणि पुन्हा जोडतो! त्या शिंप्याने कापड वाचवलं, आपण त्याच्या भक्तीपायी वाया घालवतो.

ताणाबाणा:
उसवणताई, जोड म्हणजे नुसती काटकसर नव्हे. जोडाच्या शिवणीत कापडाचा उभा धागा फिरतो, शिवण जड होते आणि घेर तिथून वेगळा पडतो. अख्ख्या कापडाचा झगा अंगावर वेगळाच दिसतो.

आणि 'जसाच्या तसा' या हट्टाआधी काय चालायचं ते आठवा. नाटक-सिनेमावाले चित्रं बघून बेतायचे आणि छातीवर बिनदिक्कत टक्स घालायचे. १९८५ साली जुन्या कपड्यांच्या अभ्यासक जॅनेट अर्नोल्डबाईंनी १५६० ते १६२० च्या शिल्लक कपड्यांची मापं, शिवणी, अस्तरं कागदावर उतरवून छापली, तेव्हा लोकांना कळलं की त्या चोळ्यांना टक्स नाहीतच. आकार येतो तो बाजूच्या शिवणींतून आणि आतल्या ताठ पट्ट्यांमुळे. हे चित्रात कुठून दिसणार?

नाडीची भोकंच बघा. ती कापून पाडत नसत. आरीने धागे बाजूला सारायचे आणि कडेने दाट गुंफायचं. धागा तुटत नाही, म्हणून भोक फाटत नाही. शिवाय बऱ्याच चोळ्यांत दोन्ही बाजूंची भोकं समोरासमोर नसतात, एक ओळ अर्ध्या घराने खाली असते. शिंपी चुकला असं समजून सरळ केलीत, तर एकेरी नाडी आवळताच चोळीची एक बाजू वर चढते.

रिकामा रीळ:
एवढं सगळं करून आत काय घालतात? प्लास्टिकचे केबल टाय. मूळ पट्ट्या व्हेलबोनच्या. नाव हाडाचं असलं तरी ते देवमाशाच्या तोंडातल्या झालरीचं, आपल्या नखांच्याच जातीचं द्रव्य. अंगाच्या उबेने लवतं आणि त्या बाईचा आकार धरतं. १९८६ पासून व्यापारी शिकारीवर आंतरराष्ट्रीय बंदी, त्यामुळे तो पर्यायच गेला (बरंच झालं). मग 'टाक्याला टाका' म्हणून मिरवायचं कशाला?

ताणाबाणा:
तेव्हाही सगळ्यांना व्हेलबोन परवडत नव्हतं. ताठ गवताच्या काड्यांच्या जुड्या घालत. त्या आजही घालता येतात. केबल टाय हा आळस आहे, नाइलाज नव्हे.

रंगोबाई:
तुमचं दोघांचं चालू द्या. मला वेगळंच खटकतं. शिल्लक राहिलं कुणाचं? राण्या, डचेस, जहागीरदारणी. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या नावाने जी ताठ चोळी सगळे पुरावा म्हणून पुढे करतात, ती १६०३ च्या अंत्ययात्रेतल्या लाकडी पुतळ्यासाठी शिवलेली, वेस्टमिन्स्टर ॲबेतली. लाकडाच्या बाईला श्वास घ्यावा लागत नाही. तिच्यावरून 'त्या काळी बायका इतकंच आवळत' असं ठोकून देणं धाडसाचं आहे.

मासळी विकणारीचा झगा विटेपर्यंत वापरला गेला, जुन्या बाजारात गेला, लिननच्या चिंध्यांचा कागद झाला. इंग्लंडात जुन्या घरांच्या भिंतींत, धुराड्याशेजारी मुद्दाम दडवलेले फाटके कपडे सापडतात तेवढाच आधार. त्यांची मळलेली, ठिगळं लावलेली नक्कल करायला मात्र कुणी पुढे येत नाही. व्हिडिओला शोभत नाही ना!

उसवण:
मासळीवालीचं एकदम मान्य. पण ताणाबाणा, भोकांचं तुमचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. नाडी कशी चालते हे समजलं की भोकं आपोआप तशीच पडतात. मूळ टाके मोजत बसायची गरज नाही.

बरं, मार्गारेट लेटनचं जाकीट सांगा. लिननवर रंगीत रेशमाचं आणि कलाबतूचं भरतकाम. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात ते जाकीटही आहे आणि ते घातलेलं तिचं चित्रही. जाकीट १६१० ते १५ मधलं, १६२० च्या सुमारास त्यात बदल केलेले. तुम्ही 'जसंच्या तसं' म्हणता ते कुठलं? आधीचं की नंतरचं?

रिकामा रीळ:
आता हे नऊवारीसारखं होणार. एक म्हणतो नेसायची, दुसरा म्हणतो शिवलेली चालते, आणि लग्न लागून जातं.

ताणाबाणा:
नंतरचं. बदल करताना घातलेला टाका समोर दिसतो, मोजता येतो. आधीचं जाकीट मी शिवलं तर निम्मं माझ्या डोक्यातलं. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या प्लिमथच्या संग्रहालयाने २००७ ते २००९ मध्ये असंच भरतकामाचं जाकीट नव्याने केलं, शेकडो हातांनी, लंडनच्या त्याच संग्रहालयातल्या जाकिटांवरून. तिथे भरणाऱ्या बायकांना कामाचा वेग कळला, एका पानाला किती दोरा जातो ते कळलं. हे टाका मोजल्याशिवाय कळत नाही.

उसवण:
मग एलिओनोराच्या कुजलेल्या अस्तराचं काय? तिथे मोजायला टाकाच नाही.

रंगोबाई:
तिथे लिनन घाला, पण आपल्या अंदाजाने घातलेली प्रत्येक शिवण वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने शिवा. बाहेरून दिसणार नाही, आतून उलटून बघणाऱ्याला कुठे पुरावा आणि कुठे तुमची अक्कल ते लगेच कळेल. उसवण, तुम्हाला ही अट चालेल का? आणि ताणाबाणा, तुमच्या 'जसंच्या तसं'मध्ये असे रंगीत दोरे किती निघतील ते आधी मोजून सांगा.