कोच व्हायचं असेल तर स्ट्रेंग्थ अँड कंडिशनिंगची पदवी घ्यावीच. कोल्हापूरकरांचं मत काय?

पेठेतला गोली

स्पष्टच मांडतो. ज्याला खेळाडू घडवायचेत आणि त्यावरच पोट भरायचंय, त्यानं बारावीनंतर विद्यापीठात जाऊन क्रीडाविज्ञान, त्यातही स्ट्रेंग्थ अँड कंडिशनिंग, म्हणजे खेळाडूची ताकद आणि दम शास्त्रानं वाढवायचं काम, रीतसर शिकावं. धाकटा भाऊ बारावी सायन्स झालाय, त्याला हेच करायचंय. घरात सूर एकच, 'बी.पी.एड. (शारीरिक शिक्षणाची पदवी) कर, शाळेत चिकट.' मी भावाच्या बाजूनं आहे.

आपल्या फुटबॉलचंच बघा. शाहू स्टेडियमवर पेठांच्या मॅचला पाय ठेवायला जागा नसते. पण सीझन निम्म्यावर आला की कुठल्याही संघाच्या बाकावर नजर टाका, दोघे-तिघे मांडीची मागची बाजू धरून बसलेले असतात. पोरगं सुसाट पळताना पाय पुढं टाकतं, तेव्हा मागचा स्नायू ताणला जात असतानाच त्याला पायाला ब्रेक लावायचा असतो. बहुतेक वेळा तो तिथंच फाटतो. यावर नॉर्डिक नावाचा व्यायाम आहे. गुडघ्यांवर उभं राहायचं, जोडीदारानं घोटे दाबून धरायचे आणि कमरेत न वाकता अंग सावकाश पुढं सोडायचं. उपकरण लागत नाही, पैसा लागत नाही. ज्या संघांनी हा नेमानं केला, त्यांच्यात ही दुखापत साधारण निम्म्यावर आल्याचं संशोधन आहे. आपल्याकडं किती संघ करतात? मला तरी दिसले नाहीत. कारण एकच, हे शिकलेला माणूस मैदानावर नाही.

तांबडी माती

पोरा, तुझी तळमळ कळती. पण जोर, बैठका, सपाटे, दोर चढणं, गदा फिरवणं ही काय कमी विद्या हाय? शाहू महाराजांनी १९१२ ला खासबाग कुस्ती मैदान उभं केलं तवा कुठली पदवी हुती? श्रीपती खंचनाळे १९५९ ला हिंदकेसरी झाले, फुडल्याच वर्षी गणपतराव आंदळकर झाले. दोघंबी इथल्याच तालमीत घडले. वस्ताद पहाटे पट्ठ्याचा नुसता चेहरा बघून सांगतो, आज ह्याला लढतीला लावू नका, अंगात कसर हाय. असलं कागदावर शिकवत्यात व्हय? खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीत पदक आणलं, त्यांच्या पाठीशी कुणी पदवीवाला नव्हता.

टेम्सकाठचा कोल्हापुरी

काका, वस्तादांबद्दल आदर आहेच, पण खाशाबांचं उदाहरण तुमच्याच विरोधात जातं. १९४८ ला लंडनला ते मॅटवर नवखे होते. तिथं रीस गार्डनर नावाच्या अमेरिकन कोचनं त्यांना तयार केलं आणि ते सहावे आले. पुढच्याच ऑलिंपिकला पदक. मातीतली ताकद होतीच, मॅटचं शास्त्र बाहेरून शिकावं लागलं.

आजही तोच प्रश्न आहे. जत्रेतली कुस्ती अर्धा तास चालू शकते, तिला दम लागतो आणि हजार बैठका तो देतात. मॅटवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मध्ये तीस सेकंद विश्रांती. तिथं थोडक्या वेळात पुन्हा पुन्हा स्फोटक ताकद लावायची असते. त्यासाठी जड वजनाचे स्क्वॉट, उड्या, मोजून दिलेली विश्रांती, असं सगळं आठवड्यात बसवावं लागतं. बैठका बंद करा असं कुणी म्हणत नाही. किती, कधी आणि स्पर्धेच्या किती दिवस आधी कमी करायच्या, हे विद्यापीठात शिकवतात.

मी इंग्लंडमध्ये याच विषयात एम.एस्सी. केलंय, म्हणून धागाकर्त्यालाही एक सांगतो. पदवी मिळाली की कोच झालो, असं इथंही नाही. त्यानंतर यूकेएससीए या इथल्या स्ट्रेंग्थ कोचांच्या संस्थेची मान्यता मिळवावी लागते. तिच्या परीक्षेत वेटलिफ्टिंगचं तंत्र स्वतः करून आणि शिकवून दाखवायचं, धावणं-उड्यांची सत्रं घ्यायची, एखाद्या खेळाडूची पूर्ण आखणी मांडून तिचा बचाव करायचा. शिवाय लेखी परीक्षा. आणि क्लबांमध्ये बिनपगारी इंटर्नशिप करणारी पोरं मी ढीगभर बघितलीत.

आकडेमोड

हेच म्हणायला आलो होतो. बँकेत आहे, शैक्षणिक कर्जाच्या फायली रोज हाताखालून जातात. परदेशात एक वर्षाचं एम.एस्सी. म्हणजे फी आणि राहणं धरून पंचवीस लाखांच्या आसपास जातं. परत आल्यावर कोल्हापुरात कोण पगार देणार? पेठेचा संघ वर्गणीवर चालतो. तालमीत पैलवानाच्या खुराकाचीच ओढाताण, तिथं कंडिशनिंग कोचला महिना कोण देईल? शाळेत शिक्षक व्हायचं तर बी.पी.एड. मागतात, सरकारी प्रशिक्षकाला पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा (एनआयएस) डिप्लोमा विचारतात. घरच्यांचा सूर चुकीचा नाही. कर्जाचा हप्ता हौसेवर फिटत नाही.

राधानगरी रेडर

आकडेमोड दादा, हिशोब मांडताय तर खेळाडूचाही मांडा. मी कबड्डी खेळायचे. चढाईत पाय रोवून वळताना गुडघा गेला, एसीएल म्हणजे गुडघा धरून ठेवणारा अस्थिबंध तुटला. ऑपरेशन चांगलं झालं, फिजिओथेरपीही झाली. फिजिओ म्हणाले, आता चालायला, जिने चढायला हरकत नाही. पण जिना चढणं आणि सात जणींच्या अंगावर जाऊन परत येणं यात किती अंतर आहे? ते अंतर पार करून देणारा माणूस संघाकडं नव्हता. प्रशिक्षक म्हणाले, 'दुखत नाही ना? मग उतर.' सहाव्या महिन्यात उतरले आणि तोच गुडघा पुन्हा गेला.

नऊ महिन्यांच्या आत परतलं तर पुन्हा दुखापतीचा धोका बराच जास्त असतो, हे मला नंतर वाचून कळलं. परतण्याआधी एका पायावर उडी मारून अंतर मोजतात, दोन्ही पायांची ताकद मोजतात. दुखरा पाय चांगल्या पायाच्या किमान नव्वद टक्क्यांवर आल्याशिवाय सोडत नाहीत. मोजपट्टीनं होणारी चाचणी आहे ही! माझी कुणी घेतली नाही. त्यात एसीएलचा धोका मुलींना मुलांपेक्षा कितीतरी जास्त. आमच्या भागात शाळेशाळेत मुली कबड्डी, खो-खो खेळतात, त्यांचे गुडघे कुणाच्या भरवशावर?

जिम फ्लोअर

ताई, वाचून वाईट वाटलं. तरी पदवीचा आग्रह मला पटत नाही. राजारामपुरीत ट्रेनर आहे, आमच्याकडं क्रीडाविज्ञान शिकलेली पोरं येतात. स्नायूंची नावं तोंडपाठ, पण समोरच्याचा स्क्वॉट सुधारायला सांगितला की गोंधळतात. कोचिंग माणसांत राहून येतं. दहा जणांचा घोळका आहे, एकाचा खांदा धरलाय, एक रात्रपाळी करून आलाय, एकाला आज मनच नाही, त्यांना एका तासात नीट घाम गाळायला लावणं कुठल्या सेमिस्टरला शिकवतात? माझं म्हणणं, बी.ए., बी.कॉम. काहीही करा, सोबत फ्लोअरवर काम करा. मग अमेरिकेतल्या एनएससीए या संस्थेची स्ट्रेंग्थ कोचसाठीची सीएससीएस परीक्षा द्या. तिला पदवी लागते, पण कुठल्याही शाखेची चालते. सोबत सीपीआरचं प्रमाणपत्र. खर्च पदवीच्या मानानं किरकोळ.

पेठेतला गोली

जिम फ्लोअर भावा, ती परीक्षा दोन भागांत असते. पहिला भाग सगळा शास्त्राचा, शरीरक्रिया, बायोमेकॅनिक्स, पोषण. बी.कॉम.वाला तो घोकून सुटेलही. पण समोरचं पोरगं चक्कर येऊन पडलं, तर घोकलेलं कामाला येईल का?

वजनगटात बसायला वजन तोडण्याचं घ्या. स्पर्धेच्या आदल्या दिवशी स्वेटरवर रेनकोट चढवून पळणारी, पाण्याचा घोट न घेता थुंकत बसणारी पोरं आपण सगळ्यांनी बघितलीत. १९९७ साली अमेरिकेत असंच वजन उतरवताना कॉलेजचे तीन पैलवान काही आठवड्यांत दगावले. तेव्हा तिथं नियमच बदलले. रबरी सूट बंद, सौना बंद, वजन मोजायची वेळ लढतीच्या जवळ आणली, शरीरातलं पाणी आणि चरबी तपासून प्रत्येकाचं किमान वजन सीझनआधीच ठरवायला लागले. आपल्याकडं २०२४ ला पॅरिसमध्ये पैलवान विनेश फोगाट वजन १०० ग्रॅम जास्त भरलं म्हणून बाद झाली, तेव्हा चार दिवस सगळे बोलले. पुढं काय? पोरांचा रेनकोट काही उतरला नाही. मी शिकलेला माणूस मागतोय तो यासाठी.

तांबडी माती

रेनकोटाचं बोललास ते खरं हाय, त्याचं समर्थन मी करणार न्हाई. पण दुखापत शिकलेल्यांच्या हाताखालीबी हुती. आपल्या सांगलीचा वेटलिफ्टर संकेत सरगर, २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत २४८ किलो उचलला, सोनं एका किलोनं गेलं. कोपर दुखावलं. देशाच्या शिबिरातला गडी तो, तिथं तर सगळे तज्ज्ञ हुतेच की.

टेम्सकाठचा कोल्हापुरी

बरोबर. दुखापत होणारच नाही असं जो कोच सांगेल, त्याच्यावर विश्वास ठेवू नये. मोठ्या स्पर्धेत शरीर कडेवरच असतं. फक्त जी टाळता येते ती टळावी, एवढंच आमचं काम.

आकडेमोड साहेबांना उत्तर देतो. परदेश हाच एक रस्ता नाही. ग्वाल्हेरला एलएनआयपीई ही शारीरिक शिक्षणाची संस्था १९५७ पासून आहे, चेन्नईला तमिळनाडूचं क्रीडा विद्यापीठ आहे, आपल्या राज्याचं पुण्यात बालेवाडीला झालंय. नोकरीचं म्हणाल तर साईच्या, म्हणजे भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या, जाहिराती काढून बघा. 'स्ट्रेंग्थ अँड कंडिशनिंग एक्स्पर्ट' याच नावानं पदं निघतात. कंत्राटी असतात हे मान्य, पण त्यांना क्रीडाविज्ञानाची पदवी किंवा या विषयाचं मान्य प्रमाणपत्र लागतं. त्याशिवाय आयपीएल, फुटबॉलची आयएसएल, प्रो कबड्डीचे संघ आहेत. त्या जागा कमी आणि उमेदवार भरपूर, हेही भावाला आधीच सांगून ठेवा.

आकडेमोड

देशातल्या पदवीला माझा विरोध नाही, तिथं हिशोब जमतो. फक्त कंत्राट संपल्यावर काय, हे घरच्यांनी विचारलं की उत्तर तयार ठेवा. मी वडील असतो तर तेच विचारलं असतं.

राधानगरी रेडर

आणि मुलींनीही या विषयात यावं, हे कुणीच बोललं नाही. तेराव्या-चौदाव्या वर्षी शरीर बदलत असताना पुरुष प्रशिक्षकाशी पाळीबद्दल बोलायला मुली कचरतात. त्रास अंगावर काढतात, सराव बुडवतात आणि एक दिवस खेळ सोडतात. गावातली एखादी ताई हे शिकून आली तर कितीतरी मुली टिकतील.

जिम फ्लोअर

ताईंचा मुद्दा शंभर टक्के. पण गोलीभाऊ, मी माझ्या मतावर आहे. आधी दोन वर्षं प्रत्यक्ष काम, मग शिक्षण. काम झेपतंय का ते तरी कळेल.

पेठेतला गोली

मला उलटा क्रम पटतो. अठराव्या वर्षी पोरगं शरीरशास्त्र घेऊन बसायला तयार आहे, घर अजून वडील चालवतायत. एकदा फ्लोअरवरचा पगार सुरू झाला, गाडीचा हप्ता लागला, लग्न झालं, की ते परत वर्गात बसत नाही. असे चांगल्या हाताचे चार जण माझ्याच पेठेत आहेत. म्हणून आधी पदवी, आणि सुट्टीत तालमीत पहाटे पाचला हजेरी. तांबडी माती काका, तुम्ही म्हणता ती चेहरा बघून कसर ओळखायची नजर त्याला तिथंच मिळेल. तुमच्या ओळखीच्या वस्तादांना विचारून ठेवाल का? अर्ज सुटेपर्यंत तो मोकळाच आहे.

तांबडी माती

इचारतो की. पण वही-पेन घिऊन कोपऱ्यात उभा राहणार आसला तर नको. हौदात उतरायची तयारी आसंल तर लंगोट घिऊन यिऊ दे.