अनुभव धागा: घरात काही बदललं, मग चाइल्डकेअर सबसिडीचं काय केलंत? (ऑस्ट्रेलिया)

सांजवात
नमस्कार मंडळी. परवा आमच्या इथल्या मराठी ग्रुपवर एकीने विचारलं की नवरा चार महिन्यांसाठी भारतात गेलाय, सबसिडीवाल्यांना सांगायचं का, आणि अर्ध्या तासात पंधरा उत्तरं आली, पंधराही वेगळी. कोणी म्हणे काही गरज नाही, कोणी म्हणे लगेच सांग नाहीतर दंड, एकाने तर थेट वकिलाचा नंबर टाकला. म्हणून म्हटलं एक धागाच काढू. नियम वेबसाइटवर आहेत, ते नकोत, तुमच्या घरात काय बदललं, ते कसं कळवलं, काय पुरावा मागितला आणि काय फजिती झाली ते लिहा.

नवीन आलेल्यांसाठी दोन ओळी. ही सबसिडी जुलै २०१८ पासून आहे. पैसे आपल्या हातात येत नाहीत, थेट डेकेअरला जातात आणि आपण उरलेली गॅप फी भरतो. किती टक्के मिळणार ते दोघांच्या मिळून इन्कमवर आणि पंधरवड्याला किती तास मिळणार ते दोघांच्या कामधंद्यावर. गोम अशी की इन्कम हा आपणच दिलेला अंदाज असतो. वर्ष ३० जूनला संपतं, दोघांचे टॅक्स रिटर्न भरून झाले की खरा आकडा लावून हिशोब होतो, त्याला बॅलन्सिंग म्हणतात. जास्त गेलेलं असेल तर परत द्यावं लागतं. त्यासाठीच सबसिडीतले ५ टक्के आधीच बाजूला काढून ठेवतात.

माझंच सांगते. २०२३-२४ मध्ये ८० हजार इन्कमपर्यंत ९० टक्के आणि पुढे दर ५ हजाराला एक टक्का कमी असं होतं. आम्ही अंदाज दिला होता १ लाख ४५ हजार. ऑक्टोबरात मी चार दिवसांवरून फुलटाइम झाले, ह्याला प्रमोशन, वर बोनस. मायगव्हमध्ये (सरकारी ऑनलाइन खातं) जाऊन एक आकडा बदलायचा होता, पाच मिनिटांचं काम, पण मी म्हणत राहिले टॅक्सच्या वेळी बघू. खरा आकडा निघाला १ लाख ९८ हजार. म्हणजे ७७ टक्क्यांऐवजी ६६ च्या आसपास. बाजूला काढलेले ५ टक्के वळते करूनसुद्धा साधारण २,३०० डॉलर परत भरा असं पत्र आलं आणि ते नेमकं गौरी जेवायच्या दिवशी मी उघडलं. पुरणपोळी गोड लागली नाही एवढंच सांगते.

कोथरूडकर
धागा चांगला. एक दुरुस्ती कम भर. लोकांना वाटतं इन्कम म्हणजे पगार. नाही. इथले टॅक्स रेसिडेंट असाल तर पुण्यातल्या फ्लॅटचं भाडं आणि बँकेतल्या एफडीचं व्याजही तुमच्या इन्कममध्ये धरायचं असतं. माझ्या एका मित्राने "ते तिकडचं आहे" म्हणून सोडून दिलं होतं. तिकडचं असेना का, मालक इकडे राहतो ना?

आणि ज्यांनी इथे घर घेऊन भाड्याने दिलंय आणि त्यात तोटा दाखवून टॅक्स वाचवतात त्यांनी नीट वाचा: सबसिडीसाठी तो तोटा परत मिळवला जातो. सॅलरी सॅक्रिफाइस करून, म्हणजे पगारातून टॅक्सआधीच कापून, सुपरमध्ये (निवृत्तीच्या फंडात) टाकलेले पैसेही मिळवले जातात. मी टॅक्सेबल इन्कम बघून अंदाज भरला आणि दोन वर्षं फसलो. स्वतःला हिशोबात हुशार समजणारा मनुष्य जास्त फसतो, हा स्वानुभव.

बाकावरचा
माझा बदल म्हणजे नोकरी गेली. २०२४ च्या मार्चमध्ये, पूर्ण टीमच गेली. पहिले तीन आठवडे मी रोज सकाळी तयार होऊन बाहेर पडायचो आणि लायब्ररीत बसायचो, बायकोला माहीत होतं पण सासू-सासरे आले होते ना तेव्हा. त्यामुळे सबसिडीला कळवणं वगैरे डोक्यातच नव्हतं. बायकोने आठवण केली की अरे इन्कम कमी झालंय तर टक्के वाढतील की आपले. मी म्हटलं हो, पण काम नाही तर तास कमी होतील. दोन्ही खरं होतं. तेव्हा पंधरवड्याला ८ ते १६ तास काम असेल तर ३६ तास, १६ ते ४८ असेल तर ७२ आणि ४८ च्या वर असेल तर १०० तास सबसिडी असं गणित होतं, आणि दोघांपैकी ज्याचं काम कमी त्याचं धरायचे. म्हणजे बायको मर मर राबत होती तरी माझ्यामुळे तास कापले गेले.

पण तास ठरवताना नोकरी शोधणं हीसुद्धा अ‍ॅक्टिव्हिटी, म्हणजे कामच, धरतात हे खूप जणांना माहीत नाही. मी एक्सेल ठेवलं होतं: तारीख, कंपनी, कुठे अप्लाय केलं, इंटरव्ह्यू झाला का. पुढे खरंच विचारणा झाली तेव्हा तेच पाठवलं. एकशे बारा ओळी होत्या. पाठवताना लाज वाटली की एवढ्या जणांनी नाही म्हटलंय, पण तेवढाच एक पुरावा माझ्याकडे होता की मी घरात झोपून नव्हतो.

आता हे बदललंय हो. ५ जानेवारी २०२६ पासून पात्र असलेल्या प्रत्येक घराला पंधरवड्याला ७२ तास मिळतातच, काम असो नसो. १०० पाहिजेत तर मात्र दोघांचंही ४८ च्या वर लागतं.

एकटीचंघर
मी कधी लिहीत नाही, वाचते फक्त. पण कोणाला तरी उपयोग होईल म्हणून.

आम्ही वेगळे झालो पण घर एकच होतं. भाडं परवडत नव्हतं दोन ठिकाणी, आणि मुलगा तीन वर्षांचा. नवरा बेडरूममध्ये, मी मुलासोबत दुसऱ्या खोलीत. अशा वेळी नुसतं "आम्ही वेगळे झालो" असं ऑनलाइन टिकमार्क करून चालत नाही, एका छपराखाली वेगळे राहतो याचा वेगळा फॉर्म भरावा लागतो, एसएस २९३. बरोबर आहे म्हणा, नाहीतर सगळेच एकेकट्याचं इन्कम दाखवतील.

पण तो फॉर्म भरताना काय होतं ते कोणी सांगत नाही. स्वयंपाक कोण करतं. कपडे कोणाचे कोण धुतं. बिलं कोण भरतं. बाहेर कार्यक्रमाला एकत्र जाता का. वेगळं झाल्याचं तुम्ही कोणाकोणाला सांगितलंय. ह्या शेवटच्या प्रश्नावर मी अडकले. कारण मी कोणालाच सांगितलं नव्हतं. सांगलीला आईशी रोज व्हिडिओ कॉल व्हायचा आणि तो मागून "नमस्कार आई" म्हणायचा. माझ्या संसाराचं काय झालं हे आईच्या आधी एका सरकारी फॉर्मला कळलं.

शिवाय आपल्याला ओळखणाऱ्या तिऱ्हाईत माणसाने लिहून द्यायचं असतं. मराठी ओळखी भरपूर होत्या पण सगळ्या जोडीच्या, गणपतीला, हळदीकुंकवाला आम्हाला बरोबर बघणाऱ्या. मी शेवटी शेजारच्या ग्रीक आज्जींना विचारलं. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं आणि म्हणाल्या, मला भिंतीतून ऐकू यायचं गं, मी कधीची वाट बघत होते तू कधी येशील.

नंतर तो दुसरीकडे राहायला गेला. तेव्हा पुन्हा कळवायचं, मूल कोणाकडे किती रात्री. पंधरवड्याला दोन रात्री तरी किंवा १४ टक्के वाटा असेल तर दोघांनाही आपापला वेगळा क्लेम करता येतो, ज्याचे त्याचे इन्कम, ज्याचे त्याचे टक्के. आमच्यात याच्यावरून तरी भांडण झालं नाही.

मिरचीभजी
ताई, वाचून गलबललं. एक विचारू का, रागावू नका. दिवाळीला लक्ष्मीपूजन दोघांनी मिळून केलं तर ते एकत्र राहणं धरतात का? माझ्या बहिणीचं असंच चाललंय म्हणून विचारते.

एकटीचंघर
रागावत नाही. आम्ही केलं होतं, मुलासाठी. विचारलं त्या बाईंनी फोनवर की सणवार कसे करता, मी जे होतं ते सांगितलं. एका गोष्टीवर ठरवत नाहीत, पैसे, राहणं, लोकांत वावरणं असं सगळं मिळून बघतात. बहिणीला म्हणावं लपवू नकोस, आणि वेगळं झाल्याची तारीख पक्की लक्षात ठेव, पुढे सगळं त्या तारखेवर येतं.

पर्थचा_पाहुणा
आमचा बदल चांगला होता, पीआर (कायम राहायची परवानगी) आली! त्याआधी वर्षभर पूर्ण फी भरली, कारण आमच्या व्हिसावर सबसिडी नव्हती. पीआर आल्यावर पार्टी, पेढे, गावी फोन, गाडीचं लोन, सगळं केलं आणि क्लेम करायचा राहिला की राव. पाच आठवड्यांनी केला. मागचं फक्त २८ दिवसांचं मिळतं. म्हणजे एक आठवडा आपल्याच आळसाने गेला, पाच दिवसांची पूर्ण फी.

त्यात लसी. इथल्या रजिस्टरवर लसीकरण पूर्ण दिसलं पाहिजे. आमच्याकडे कोल्हापूरच्या डॉक्टरांचं ते पिवळं कार्ड, अक्षर असं की मेडिकलवाल्यालाच वाचता यावं. इथल्या जीपीकडे (फॅमिली डॉक्टरकडे) नेलं, मी एकेक ओळ वाचून दाखवली आणि नर्सने चढवली. मेनिंगोकोकलची राहिली होती, ती तिथेच घेतली. येताना कार्डाचे नीट फोटो काढून आणा रे, आमच्या कार्डावर वरणाचा डाग होता नेमका तारखेवर.

दुसरीखेप
दुसरं बाळ झाल्यावर कळवायचं विसरू नका, कारण पाच वर्षांची किंवा त्याहून लहान दोन मुलं सबसिडीत असतील तर धाकट्याला ३० टक्क्यांपर्यंत जास्त मिळतं, जास्तीत जास्त ९५. आणि बाळंतपणाची रजा ही पण अ‍ॅक्टिव्हिटीच धरतात, मला वाटलेलं घरी बसले तर मोठीचं डेकेअर बंद होईल.

पण याचं दुसरं टोक: मोठी सहा वर्षांची झाली आणि धाकट्याची गॅप फी एकदम चढली. मी डेकेअरवाल्यांशी वाद घालून आले, तुम्ही काहीतरी चुकीचं बिल लावलंय म्हणून. त्यांचं बरोबर होतं. पुढच्या सोमवारी ढोकळा घेऊन गेले.

सीएडब्ल्यूए
डेकेअर बदललंत तर नवीन ठिकाणची एनरोलमेंट मायगव्हवर जाऊन स्वतः कन्फर्म करा. मी नाही केली, दोन आठवडे पूर्ण फी आली. बस एवढंच.

सांजवात
छान चाललंय. पण मूळ प्रश्न राहिलाच, नवरा भारतात गेलेलीचा. कोणाला अनुभव?

कासारवाडीची_सून
मला आहे. सासरे आजारी होते, हा तीन महिने बिनपगारी सुट्टी घेऊन गेला. मी फोन करून म्हटलं की माझे मिस्टर इथे नाहीत. पलीकडची मुलगी एकदम हळू आवाजात, फार मायेने म्हणाली, तुम्ही वेगळे झालात का? मी ओरडलेच, नाही हो, सासऱ्यांचं ऑपरेशन आहे! तात्पुरतं लांब राहणं म्हणजे वेगळं होणं नाही, नवरा-बायको म्हणूनच धरतात आणि त्याचं इन्कमही धरतात. पण पगार बंद म्हणजे वर्षाचा आकडा खाली येतो, तो मी कमी केला आणि जायच्या-यायच्या तारखा सांगून ठेवल्या. तो आल्यावर परत आकडा वर केला, हे विसरलात तर सांजवातताईंसारखी गौर जेवेल.

नंतर मी पण लेकीला घेऊन पाच आठवडे गेले. डेकेअरच्या खाड्यांवर सबसिडी मिळते, एका मुलाला वर्षाला ४२ दिवस. माझे २५ तिथेच गेले. उरलेले १७ दिवस पुढच्या जूनपर्यंत सर्दी-खोकल्याला पुरवायचे होते, ज्यांची मुलं डेकेअरला जातात त्यांना कळेल ते किती कमी असतात.

रात्रपाळी
मी कॅज्युअल नर्स आहे, दर पंधरवड्याचा पगार वेगळा. काय अंदाज देणार कपाळ. मी दोन गोष्टी करते: दर तीन महिन्यांनी पेस्लिप काढून आकडा बदलते, आणि त्या ५ टक्क्यांऐवजी जास्त राखून ठेवा असं सांगून ठेवलंय. दर आठवड्याला गॅप थोडी जास्त जाते पण गेल्या वर्षी मला उलट ६४० डॉलर परत आले. नवऱ्याला सांगितलं नाही, कानातले केले.

कोथरूडकर
कानातल्यांचं इन्कममध्ये धरत नाहीत, निर्धास्त राहा.

रिटर्न भरायला मात्र लोळू नका कोणी. वर्ष उलटून गेलं तरी इन्कम कन्फर्म केलं नाही तर सबसिडी थांबते, आणि त्याच्याही पुढे गेलं तर त्या वर्षाची सगळी परत मागतात. जोडीदार रिटर्न भरत नाही म्हणून अडकलेले लोक मी बघितलेत.

मिरचीभजी
एकटीचंघर ताई, बहिणीला तुमचं वाचून दाखवलं. ती विचारतेय आईला मग कधी सांगितलंत?

एकटीचंघर
फॉर्म दिल्यावर अकरा दिवसांनी. मला वाटलेलं रडेल. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, पोराला पाळणाघरात ठेवायला पैसे आहेत का तुझ्याकडे? म्हटलं आहेत, शंभरातले पंच्याऐंशी सरकार भरतं. म्हणाली, मग जेव आधी, नंतर बोलू.