‘मॉरल टर्पिट्यूड’ म्हणजे नेमके काय?

प्रश्न (रत्नागिरी): आमच्या मच्छीमार सहकारी संस्थेचे इंग्रजी सेवानियम मराठीत आणण्याचे काम माझ्याकडे आले आहे. ‘मॉरल टर्पिट्यूड’चा अपराध सिद्ध झाल्यास कर्मचाऱ्यास काढता येईल, असे त्यात एक कलम आहे. सरकारी कागदपत्रांप्रमाणे मी ‘नैतिक अधःपतन’ लिहिले, परंतु मसुदा वाचताच एका वयस्क तांडेलांनी (मच्छीमार नौकेच्या प्रमुखांनी) विचारले, “बंदरावर दारू पिऊन हाणामारी केली, तर ते अधःपतन काय?” मला उत्तर सुचले नाही.

उत्तर (दापोली): मुळातील लॅटिन ‘टर्पिस’ म्हणजे कुरूप, लाजिरवाणा. त्यामुळे ‘टर्पिट्यूड’मध्ये पडण्याची कल्पना नाही, कृत्याच्या अंगच्या हीनपणावर बोट आहे. आपले ‘अधःपतन’, ‘पतित’, ‘भ्रष्ट’ हे सगळे शब्द मात्र घसरण्याचे आहेत, आणि जो पडला तो उठूही शकतो, हे त्यांत गृहीत असते. तुमच्याच गावातील १९३१ सालच्या पतितपावन मंदिराचे नाव त्याशिवाय अर्थपूर्ण झाले नसते. अढीतला एक आंबा नासून बाकीचे नासवतो, ती प्रक्रिया सांगायची तर इंग्रजीत ‘करप्शन’ किंवा ‘डिके’ म्हणतात, ‘टर्पिट्यूड’ नव्हे. ललित लेखनात मी ‘नीचपणा’ लिहीन. नियमांत मात्र रूढ शब्द बदलू नये, कारण वाद झाल्यास वकील तोच शोधतील.

उत्तर (मालवण): शब्द ठेवावा, हे मान्य, पण तांडेलांचा प्रश्न त्याने सुटत नाही. १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्यात हाच शब्दप्रयोग होता, तरी व्याख्या दिलेली नव्हती. १९९६ साली हरियाणातील एका कर्मचाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मुळातच हीन, अधम वर्तन असा त्याचा अर्थ सांगितला आणि तत्कालीन भारतीय दंड संहितेच्या कलम २९४ (सार्वजनिक ठिकाणी अश्लील वर्तन) खाली झालेल्या वीस रुपये दंडाच्या शिक्षेवरून त्यास काढणे अमान्य केले. अफरातफर, खोटे दस्तऐवज, लाच यांत अप्रामाणिकपणा असतो. जेटीवरच्या साध्या झटापटीत तो सहसा नसतो, मात्र कोयता निघाला तर गोष्ट वेगळी.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. ‘नैतिक अधःपतन’ कायम ठेवून खाली अफरातफर, लाच व बनावट दस्तऐवज यांचा स्पष्ट उल्लेख करतो, आणि दारू पिऊन केलेल्या भांडणासाठी गैरवर्तनाचे निराळे कलम सुचवतो. तांडेलांना ते अधिक पटेल.