शब्दचर्चा : मेमरी तपासणीतला 'बेस क्लास', आणि 'गळती' नेमकी कशाची?

कुळागर : व्हॅलग्रिंड, ॲड्रेससॅनिटायझर अशी मेमरी तपासणारी साधने एकाच पायथन वर्गाखाली चालवण्याबद्दल मराठीत टिपण करायचे आहे. वरचा वर्ग एकच, खाली प्रत्येक साधनाचा पोटवर्ग. वरच्याला पायाभूत वर्ग म्हणू, आधारवर्ग, मूळवर्ग की साचा? 'एक्स्टेन्सिबल'साठी 'विस्तारक्षम' हा शब्द आहे, पण तो सचिवालयातून आल्यासारखा वाटतो.

म्हादई : 'साचा' नको. सी प्लस प्लसवाले टेम्प्लेटला साचा म्हणतात, दोन्ही एका पानावर आले की घोळ. 'पायाभूत' म्हटले की पूल आणि रुंद केलेले रस्ते डोळ्यांपुढे येतात. 'मूळवर्ग' ठेवा, त्याला 'पोटवर्ग' चांगला जुळतो. 'विस्तारक्षम' टाळून सरळ लिहा : 'नवे साधन जोडता येईल असा मूळवर्ग'.

पातोळी : मूळवर्ग मान्य. पण त्यातल्या मोकळ्या जागांनाही शब्द हवा. कामाचा क्रम मूळवर्ग ठरवतो : तयारी, आदेश बनवणे, चालवणे, अहवाल वाचणे, आवराआवर. यातले आदेश बनवणे आणि अहवाल वाचणे पोटवर्गाने भरायचे. इंग्रजीत त्यांना हुक म्हणतात. आपल्याकडे 'खुंटी' तयारच आहे : भिंत मूळवर्गाची, खुंटीवर काय टांगायचे ते पोटवर्ग ठरवतो.

म्हादई : खुंटी झकास. मात्र रिकामी राहिली तर काय, तेही लिहा. मूळवर्गात नुसते 'नॉटइम्प्लिमेंटेडएरर' (हे अजून लिहिलेले नाही, अशी चूक) टाकले, तर चूक ती खुंटी वापरायची वेळ येईपर्यंत लपते. अहवाल वाचणे राहिले असेल, तर सगळ्या चाचण्या संपल्यावर कळणार. मूळवर्ग पायथनच्या 'एबीसी' मॉड्यूलमधल्या 'एबीसी' वर्गापासून काढून खुंटीला 'ॲबस्ट्रॅक्टमेथड' लावला की वस्तू तयार करतानाच अडते. आणि आवराआवर 'फायनली'त, म्हणजे काहीही झाले तरी चालणाऱ्या भागात ठेवा, नाहीतर मध्येच कोसळलेल्या चाचणीच्या तात्पुरत्या फाइली तशाच पडून राहतात.

कुळागर : मूळवर्गाला 'वेष्टन' म्हटले तर? साधन प्रोग्रामला गुंडाळूनच चालवते ना?

पातोळी : व्हॅलग्रिंडपुरते बरोबर, तिथे आदेशाच्या पुढे साधनाचे नाव लागते. ॲड्रेससॅनिटायझर कंपाइल करतानाच आत विणला जातो. तिथे आदेश आहे तसाच राहतो, बदलतात ते एन्व्हायर्नमेंटमधले, म्हणजे प्रोग्रामला बाहेरून मिळणाऱ्या चलांमधले पर्याय. म्हणून आदेश बनवण्याच्या खुंटीने आदेश आणि एन्व्हायर्नमेंट दोन्ही परत द्यावीत. 'वेष्टन' म्हणणारे हमखास आदेशापुढे काहीतरी चिकटवायला जातात आणि दुसरे साधन जोडताना मूळवर्गच फोडावा लागतो. दोन्ही साधने एकाच वेळी लावू नका, त्यांचे एकमेकांशी जमत नाही.

म्हादई : आता 'गळती'. लीकला गळती रुळली आहे, पण आमच्याकडे घर गळते म्हणजे कौले परतायची राहिली आणि पाणी आत आले. इथे तसे नाही. मेमरी मागून घेतली, पत्ता हरवला, आता ती परतही करता येत नाही. हे छप्पर नव्हे, टाकी. साठा कमी होतो आणि पाणी कुणाच्या कामालाही येत नाही. टिपणात एवढा खुलासा करून 'गळती'च ठेवा.

पातोळी : मेमचेक म्हणजे व्हॅलग्रिंडमधले मेमरी तपासणारे साधन. त्याच्या गळतीच्या चार प्रकारांसाठी माझे शब्द : नक्की हरवलेली, ओघाने हरवलेली, बहुधा हरवलेली, अजून हाताशी. 'ओघाने' म्हणजे झाडाच्या मुळाचा पत्ता गेला म्हणून फांद्याही गेल्या. आधी 'नक्की'वाल्या दुरुस्त करा, 'ओघाने'वाल्या बहुतेक आपोआप जातात. 'इनव्हॅलिड राइट'ला मात्र 'अवैध लेखन' नको. अवैध म्हटले की इथे रेतीउपसाच आठवतो. 'हद्दीबाहेर लिहिणे' म्हणा, खाजनाचा बांध ओलांडून खारे पाणी शेजारच्या शेतात गेल्यासारखे.

कुळागर : आणि साधनाच्या ठरावीक तक्रारी गप्प करणारे 'सप्रेशन'? दडपणे?

म्हादई : दडपण्यात लबाडी आहे. 'कानाडोळा-यादी' घ्या. दुसऱ्याच्या लायब्ररीतली, आपल्या हातात नसलेली तक्रार आपण जाणूनबुजून सोडतो. यादीतली नोंद जितकी मोघम, तितका धोका. गळतीच्या नोंदीत फक्त 'मॅलॉक' (मेमरी मागणारे फंक्शन) लिहिले, तर मॅलॉकमधून झालेली प्रत्येक गळती गप्प होते. निदान कॉल करणारी दोन-तीन फंक्शने तरी लिहा.

पातोळी : 'यशस्वी' हा शब्दही जपून वापरा. व्हॅलग्रिंड स्वतःहून प्रोग्रामचाच एक्झिट कोड (संपताना दिलेला आकडा, शून्य म्हणजे सगळे ठीक) पुढे देतो. चुका दहा सापडल्या तरी प्रोग्राम शून्य देऊन संपला की चाचणी हिरवी. 'एरर-एक्झिटकोड' पर्यायात शून्याखेरीज आकडा द्या, आणि 'लीक-चेक' 'फुल' ठेवा. नुसत्या 'समरी'त गळत्या चुकांमध्ये मोजल्याच जात नाहीत. प्रोग्राम शेल स्क्रिप्टमधून सुटत असेल तर 'ट्रेस-चिल्ड्रन' चालू हवे, नाहीतर तपासणी शेलची होते. ते चालू केले की लॉग फाइलच्या नावात प्रोसेसचा क्रमांक घाला, नाहीतर सगळ्यांचे अहवाल एकाच फाइलीत मिसळतात. मेमचेकखाली प्रोग्राम साधारण 20 ते 30 पट मंदावतो. 10 सेकंदांच्या चाचणीला 60 सेकंदांची मुदत दिली, तर ती मुदतीने मरेल आणि लोक गळती शोधत बसतील.

कुळागर : नावाचा उच्चार 'व्हॅलग्राइंड' ना?

म्हादई : नाही. शेवटचा भाग ऱ्हस्व इकाराचा, 'ग्रिंड'. रगड्याशी, दळण्याशी काही संबंध नाही. नॉर्स पुराणातल्या व्हॅलहल्लाच्या प्रवेशद्वाराचे हे नाव. आधी 'हेमडाल' ठरले होते, पण ते दुसऱ्या एका पॅकेजने घेतलेले निघाले.

कुळागर : मग मूळवर्ग, पोटवर्ग, खुंटी, कानाडोळा-यादी पक्के. 'बहुधा हरवलेली' अजून खटकते, 'बहुधा'त खात्री जास्त वाटते.

पातोळी : मग 'हरवली असावी' करा. तिथे पत्ता असतो, पण तुकड्याच्या सुरुवातीचा नव्हे, मधलाच कुठला तरी. मेमचेकलाही खात्री नसते.