वेबसाइट हातात दिली की काम संपतं का? छोट्या व्यावसायिकांना कायमचा तांत्रिक आधार हवा की नको?

साइटवाला:
छोट्या व्यावसायिकांना वेबसाइट, व्यवसायाचा ईमेल, नकाशावरची नोंद हे सगळं लावून देणं हे माझं रोजचं काम. साइट एकदा सोपवली की आपली जबाबदारी संपली असं मानणाऱ्यांशी मला वाद घालायचाय. मालकाने कशालाही हात लावला नाही तरी या गोष्टी बिघडतात, कारण खालची जमीन हलत असते. साइट खरी आणि सुरक्षित आहे हे ब्राउझरला पटवणारं जे सुरक्षा प्रमाणपत्र असतं, त्याची कमाल मुदत २०२० पासून ३९८ दिवस होती. मार्च २०२६ पासून ती २०० दिवस, २०२७ मध्ये १०० आणि २०२९ मध्ये ४७ दिवस असं ठरलंय. मुदत संपली की ग्राहकाला पान दिसायच्या आधी स्क्रीनभर धोक्याचा इशारा दिसतो आणि तो मुकाट मागे फिरतो. मालकाला पत्ताही लागत नाही. गूगलने बिझनेस प्रोफाइलवरून (म्हणजे नकाशावरच्या व्यवसायाच्या नोंदीवरून) बनवलेल्या मोफत साइट मार्च २०२४ मध्ये सरळ बंद केल्या. ज्यांना विचारायला कोणी नव्हतं त्यांनी काय करायचं होतं? दरमहा ठरावीक रक्कम घेऊन लक्ष ठेवणारं माणूस हवंच.

स्पष्टवक्ती:
साफ असहमत. लेट्स एनक्रिप्ट ही संस्था २०१५ पासून अशी प्रमाणपत्रं फुकट देतेय आणि त्यांचं नूतनीकरण आपोआप होतं. साइट बनवायच्या वर्डप्रेस या सॉफ्टवेअरची छोटी सुरक्षा अपडेट्सही २०१३ पासून आपोआप बसतात. मग दरमहा पैसे नेमके कशाचे? जो माणूस माल, कामगार, उधारी, कर हे सगळं सांभाळतो, त्याला चार पानांची साइट झेपणार नाही हे कोणी ठरवलं? दोन दुपारी बसून नीट शिकवा, मोठ्या अक्षरांत टिपण लिहून द्या. त्याला जन्मभर दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पाजू नका.

साइटवाला:
आपोआप चालतं तेही बंद पडतं. डोमेनचं, म्हणजे साइटच्या नावाच्या नोंदणीचं, ऑटो-रिन्यू ज्या कार्डावर असतं त्या कार्डाची मुदत संपते. डोमेन संपायच्या साधारण महिनाभर आधी आणि मग आठवडाभर आधी आठवणीची ईमेल पाठवणं नोंदणी कंपन्यांना बंधनकारक आहे, पण ती जातात नोंदवलेल्या पत्त्यावर, आणि तो पत्ता कोणी उघडतच नाही!

आणखी एक प्रकार मी वारंवार बघतो. नवी साइट करणारा येतो, नेमसर्व्हर (डोमेनची साइट आणि मेल कुठे आहे हे सांगणारा सर्व्हर) बदलतो, जुन्या एमएक्स नोंदी, म्हणजे मेल कुठे पोचवायची हे सांगणाऱ्या नोंदी, नव्या ठिकाणी भरायच्या राहतात. साइट झकास दिसते, सगळे खूश, पण त्या पत्त्यावर येणारी मेल बंद. ‘हल्ली चौकशाच येत नाहीत, मंदी आहे’ असं मालकाला वाटत राहतं. दोन दुपारच्या शिकवणीत हे कसं ओळखायला शिकवाल?

काउंटरमागून:
मी मालक आहे, म्हणून लिहितो. शिकवलेलं मला तेव्हा समजतं, पण सहा महिन्यांनी एकदाच लागणारी गोष्ट लक्षात राहत नाही. मला हवं असतं ते असं कोणीतरी, ज्याला ‘डोमेन संपतंय, लगेच पैसे भरा असं पत्र आलंय, खरं का खोटं?’ हे विचारता येईल. अशी खोटी बिलं खऱ्यासारखीच दिसतात हो. पण भीतीही तेवढीच. आमच्या आधीच्या माणसाने डोमेन स्वतःच्या नावावर घेतलं होतं. त्याने फोन उचलणं बंद केलं आणि आमच्या व्यवसायाचं नाव त्याच्याकडेच अडकलं.

स्पष्टवक्ती:
माझा राग नेमका यावरच आहे. डोमेनचं खातं मालकाच्या ईमेलवर, ओटीपी मालकाच्या मोबाइलवर, बॅकअप कोड (मोबाइल नसेल तेव्हा खातं उघडायचे कोड) छापून मालकाच्या कपाटात. मदतनीसाला वेगळं लॉगिन द्या, तेही मर्यादित. बिझनेस प्रोफाइलमध्ये ‘मालक’ आणि ‘व्यवस्थापक’ असे वेगळे अधिकार आहेतच की. एवढं केल्यावर काम पडेल तेव्हा बोलवा आणि तेवढ्याचेच पैसे द्या.

साइटवाला:
किल्ल्या मालकाकडे, हे शंभर टक्के मान्य. जो मदतनीस त्या देत नाही त्याच्याकडे काम देऊच नये. पण प्रत्येक फोनचे पैसे लागणार म्हटल्यावर माणूस छोटा प्रश्न विचारतच नाही. ‘एवढ्यासाठी कशाला?’ म्हणत थांबतो, आणि डोमेन सुटल्यावर फोन करतो. डॉट कॉमसारखं डोमेन रद्द झाल्यावर सोडवून घ्यायला ३० दिवस मिळतात, तेही जादा शुल्क भरून. त्यानंतर ते कोणीही घेऊ शकतं.

स्पष्टवक्ती:
आणि दरमहा पैसे घेऊन काहीच न करणाऱ्यांचं काय? मालकाला ते दिसतच नाही. दर महिन्याला एक पान लिहून द्यायला सांगा: साइटचा बॅकअप, म्हणजे राखीव प्रत, नुसता घेतला की परत चालवून पाहिला, कोणती मुदत कधी संपतेय, संपर्क फॉर्म भरून पाहिला का. पान नाही तर पैसे नाहीत.

काउंटरमागून:
हे पान मिळणार असेल तर मी दरमहा द्यायला तयार आहे. माझी एक अट मात्र करारात लिहून हवी: सोडून जायचं ठरवलं तर डोमेन दुसऱ्या कंपनीकडे हलवायचा कोड मागितल्यापासून पाच दिवसांत मिळाला पाहिजे. नोंदणी कंपन्यांना हीच मुदत पाळावी लागते, मग मधल्या माणसाला सूट का?