मदत हवी आहे: ऑफिसातली छपाई आणि फायलींचा ढीग आटोक्यात कसा आणू?

वाशिष्ठीकाठ
नमस्कार मंडळी. चिपळूणला माझं करसल्लागाराचं लहानसं ऑफिस आहे. मी, कामाला दोन मुली आणि अण्णा, असे चौघं. जीएसटी, आयकर, दोन-तीन सहकारी संस्था आणि बाजारपेठेतल्या दुकानदारांची टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधली लिखापढी, एवढा पसारा.

महिन्याला नऊ रीम कागद जातो, म्हणजे साडेचार हजार पानं. टोनर भरणारा मुलगा दर दहा दिवसांनी येतो. आता त्याच्यासाठी चहा न विचारताच टाकतात. त्यात पाऊस सुरू झाला की प्रिंटर रुसतो. एकदम तीन-तीन कागद ओढतो आणि मध्येच अडकतो. मागचं झाकण उघडून आत बोटं घातली की कागद चुण्या पडलेला, गरम आणि चक्क ओलसर निघतो. हे सगळं नेमकं वीस तारखेला, ३बी म्हणजे जीएसटीचं मासिक विवरण भरायची शेवटची संध्याकाळ असताना.

एका विक्रेत्याने ४५ हजारांत वापरलेलं मोठं झेरॉक्स मशीन देऊ केलंय. म्हणतो, 'साहेब, डोक्याचा ताप जाईल.' घ्यावं का? दुसरं म्हणजे फायलींनी दोन कपाटं आणि आता पोटमाळाही भरलाय. कुठले कागद किती वर्षं ठेवायचे? तिसरा प्रश्न स्कॅनचा. स्कॅन करतो, पण 'स्कॅन०००१', 'स्कॅन०००२' अशा नावांच्या फायलींतून नंतर काही सापडत नाही.

टोनरवाला
प्रिंटर दुरुस्तीत सोळा वर्षं काढली आहेत, त्यावर सांगतो. मशीन घेऊ नका. निदान पावसाळा संपेपर्यंत तरी नको. कोकणातल्या हवेत नव्या मशीनमध्येही तोच कागद अडकेल.

कागद हवेतलं पाणी शोषतो. लेझर प्रिंटरमध्ये टोनर कागदावर वितळवून बसवणारा रूळ दोनशे अंशांच्या आसपास तापतो. ओला कागद तिथे गेला की पाण्याची वाफ होते, कागद वळतो आणि चुणी पडते. दमट कागद एकमेकांना चिकटतात म्हणून तीन-तीन ओढले जातात. रीमचं वेष्टन एकदा फोडलं की उरलेला कागद झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवायचा. ट्रेमध्ये दिवसभर पुरेल एवढाच घालायचा आणि ऑफिस बंद करताना काढून घ्यायचा. रीम जमिनीवर किंवा भिंतीला टेकवून ठेवू नका. सेटिंगमध्ये कागदाचा प्रकार 'पातळ' निवडलात तर रूळ कमी तापतो आणि कागद कमी वळतो. कागद ओढणारा रबरी रूळही ओलसर फडक्याने पुसा. अर्ध्या तक्रारी तिथेच संपतात.

टोनरबद्दल एक. खोक्यावरची दीड हजार पानं ही पानाचा पाच टक्के भाग छापला जाईल असं धरून लिहिलेली असतात. तुमची साडेचार हजार पानं, दहा दिवसांनी एक भरणा, हिशेब चोख बसतोय. तो मुलगा तुम्हाला फसवत नाहीये, चहा चालू ठेवा.

सौदामिनी_रत्नागिरी
आमच्याकडे पुस्तकांच्या कपाटात पिवळा बल्ब लावून ठेवायचे, तसा कागदाच्या कपाटातही चालतो. पण एलईडी लावलात तर ऊब नाही, नुसता उजेड पडेल. 😀

खर्डेघाशी
मशीन, कागद, टोनर हे सगळं नंतर. साडेचार हजार पानं छापतं कोण आणि कशासाठी, ते आधी कळू दे. चौघांच्या ऑफिसात एवढी पानं लागत नाहीत. प्रिंटरशेजारी दोरीला पेन बांधलेली वही ठेवा. जो छापेल त्याने पानं आणि कारण लिहायचं. आठ दिवस पुरे. सुरुवातीला आणि शेवटी प्रिंटरच्या मेनूतून कॉन्फिगरेशन पेज काढा, त्यावर एकूण पानांचा आकडा येतो. वहीशी ताडून बघा. तफावत निघेल, त्यावर कुणाला बोलू नका.

कागद किती वर्षं ठेवायचा तेही सांगतो. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे त्या वर्षाच्या वार्षिक विवरणाच्या देय तारखेपासून ७२ महिने. २०२३-२४चं वार्षिक विवरण ३१ डिसेंबर २०२४ला देय होतं, म्हणजे ३१ डिसेंबर २०३० पर्यंत. अपील किंवा चौकशी चालू असेल तर त्या बाबीची कागदपत्रं निकालानंतर आणखी एक वर्ष, किंवा हे ७२ महिने, यातलं जे उशिरा संपेल तोवर. कंपनीचे हिशेब असतील तर आठ आर्थिक वर्षं. प्रत्येक गठ्ठ्यावर 'अमुक तारखेनंतर रद्दी' असं आजच लिहा. नाहीतर सहा वर्षांनी परत हाच धागा काढाल.

वाशिष्ठीकाठ
सगळ्यांचे आभार. वही बांधली. अण्णा कुरकुरले, 'माझ्यावर पाळत का?' म्हणाले. पण लिहितायत.

मीरा_कल्याण
स्कॅनसाठी: साधी पानं २०० डीपीआयवर (स्कॅनचा बारीकपणा), काळी-पांढरी पुरतात. मजकूर नंतर शोधायचा असेल तर ३०० घ्या आणि ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर, चालवा. छापलेलं मराठीही बऱ्यापैकी ओळखलं जातं. रंगीत स्कॅनचा मोह टाळा, पोर्टलवर चढवताना साइझ नडते.

नावात तारीख आधी आणि वर्षापासून: '२०२४-०७-२०_३बी_किराणा'. मग नावाप्रमाणे लावलं की आपोआप तारखेप्रमाणे लागतं. फोल्डर आधी आर्थिक वर्षाचं, आत ग्राहकाचं. आम्ही उलट केलं होतं आणि दर एप्रिलला डोकं धरून बसायचो. 'फायनल', 'फायनल२', 'खरंच फायनल' अशी नावं ठेवणाऱ्याला आमच्याकडे समोसे आणावे लागतात.

पेट्रोल पंपाच्या, कार्ड मशीनच्या गुळगुळीत पावत्या मात्र आल्या दिवशी स्कॅन करा. उष्णतेवर छापलेला तो कागद काही महिन्यांत कोरा होतो.

वाशिष्ठीकाठ
आठ दिवस झाले. वहीत १,१४० पानं. प्रिंटरचा आकडा ४० ने जास्त, त्यावर बोललो नाही.

ग्राहकांना दिलेली: ३००. चूक सापडून पुन्हा काढलेली: २१०. यात मुली टॅलीतलं खातं पडद्यावर न बघता छापून तपासतात, हे कळलं. उरलेली ६३० ऑफिसच्या प्रती. आणि त्यातली बहुतेक अण्णांची, प्रत्येक गोष्टीच्या दोन-दोन. अगदी आयटीआर-व्हीच्यासुद्धा, म्हणजे आयकर विवरण भरल्याच्या पोचपावतीच्या. विवरण आधार ओटीपीने पडताळलं की ती तर आता बंगळुरूच्या आयकर केंद्राला पाठवावी लागत नाही.

विचारलं. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, 'एक इथली, एक माझ्या घरच्या माळ्यावर.'

२२ जुलै २०२१ला पूर आला तेव्हा आमचं ऑफिस तळमजल्यावर होतं. पाणी उतरल्यावर गाळातून फायली उपसल्या त्या अण्णांनीच. लेझरवर छापलेल्या पानांवरची अक्षरं चिखलाखाली जशीच्या तशी होती. इंकजेटवर काढलेली पानं म्हणजे नुसते निळे-जांभळे डाग. महिनाभर अण्णांच्या अंगणात दोऱ्या बांधून आम्ही ताळेबंद वाळत घातले होते. संगणक तर गेलेच, आणि त्यांच्याशेजारी ठेवलेली बॅकअपची डिस्कही. आता ऑफिस पहिल्या मजल्यावर आहे, तरी अण्णा दोन प्रती काढतात. चार वर्षं साडेचार हजार पानांचं बिल भरताना हे माझ्या लक्षात आलं नाही, याची लाज वाटली.

आता त्यांना 'छापू नका' कसं सांगू?

खर्डेघाशी
सांगू नका. अण्णांचं बरोबर आहे, फक्त वाहन चुकलंय. माहितीच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक ऑफिसबाहेर, हा संगणकवाल्यांचाही नियम आहे. अण्णांचा माळा म्हणजे तीच ऑफिसबाहेरची प्रत. तुमची डिस्क संगणकाशेजारी होती, म्हणून दोन्ही एकदम बुडाली. एक प्रत ऑफिसात, एक क्लाउडवर आणि एक डिस्कवर अण्णांच्या घरी ठेवा. दोन डिस्क घेऊन आलटून-पालटून न्या. आणि महिन्यातून एकदा त्यातली एखादी फाइल खरंच उघडून बघा. न उघडलेल्या बॅकअपवर माझा एकदा फार मोठा विश्वास होता.

नियम ५६ प्रमाणे जीएसटीच्या नोंदी डिजिटल सहीसह इलेक्ट्रॉनिक स्वरूपात ठेवता येतात. कागद मुळातला जपायचा तो मुद्रांकावरचे करार, मुखत्यारपत्रं, मृत्युपत्रं यांचा.

टोनरवाला
आणि प्रिंटरला आपोआप दोन्ही बाजूंनी छापायची सोय असेल तर डीफॉल्टच तसं करून ठेवा. लोक सेटिंग बदलायचा आळस करतात, तो आळस आपल्या बाजूने वापरायचा.

वाशिष्ठीकाठ
शेवटची खबर. मशीन घेतलं नाही, दोन डिस्क घेतल्या. कागद आता डब्यात असतो. या वीस तारखेला एकदाच अडकला, तोही माझ्याकडून, घाईत ट्रे नीट न लावल्याने.

अण्णांना डिस्क दाखवली. हातात घेऊन वजन केल्यासारखी बघितली. 'यात सगळं? पोटमाळ्यासकट?' मी २०१९ सालचा त्यांच्याच हातचा एक ताळेबंद उघडून दाखवला, पुरात वाळवलेला आणि नंतर स्कॅन केलेला. कोपऱ्यावरचा गाळाचा डाग बघून हसले. आता दर शनिवारी पोळ्यांच्या जुन्या स्टीलच्या डब्यात, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून डिस्क घरी नेतात आणि दुसरी सोमवारी आणतात.

एकच अट घातली त्यांनी. डिस्कमध्ये काय काय आहे, त्याची यादी दर महिन्याला कागदावर हवी. दोन प्रतींत.