सेदाँ क्रुपने जिंकली म्हणे! मग हिंडरसिनने काय केलं?

बत्तीवाला
परवा इथे एकाने ठोकून दिलं, "1870ची लढाई क्रुपच्या पोलादाने जिंकली, हिंडरसिन वगैरे मंडळी नुसती सह्या करणारी." त्यावर सगळ्यांच्या माना डोलल्या. (लढाई प्रशियाची फ्रान्सशी, सेदाँ तिच्यातली मोठी झुंज. क्रुप म्हणजे पोलादी तोफा ओतणारा जर्मन कारखानदार, हिंडरसिन म्हणजे प्रशियाच्या तोफखान्याचा इन्स्पेक्टर जनरल.) राहवलं नाही म्हणून लांबण लावतोय.

पोलाद उत्तम होतं, मान्य. पण ते 1866 मध्ये ऑस्ट्रियाशी लढतानाही होतंच की! मग 3 जुलैला क्योनिगग्रेत्सला ऑस्ट्रियाच्या तोंडाकडून भरायच्या तोफांनी प्रशियाच्या गोलंदाजांना पाणी का पाजलं? 1864 साली चार बॅटऱ्यांत, म्हणजे तोफांच्या तुकड्यांत, एकच खाचांच्या (गोळ्याला फिरकी देणाऱ्या) नळीची होती. दीड वर्षात हिंडरसिनने ते प्रमाण सोळात दहावर नेलं, आणि पैसे देताना संसदेचा हात आखडलेला होता. तरी मार खाल्ला, कारण तोफा कूच करताना सगळ्यात मागे. पुढचा रस्ता पायदळाने आणि सामानाच्या गाड्यांनी तुंबलेला. पोचल्या त्याही सुट्या सुट्या, आत्ता ही बॅटरी तर घटकाभराने ती. 'राखीव तोफखाना' हा नावाप्रमाणे खरोखरच राखून ठेवलेला.

पुढच्या चार वर्षांत 'राखीव' हा शब्दच गेला, तो 'कोअर तोफखाना' झाला (कोअर म्हणजे सैन्याचा मोठा विभाग). तोफा रांगेत पुढे आल्या. आणि ज्या नेमबाजीच्या शाळेसाठी हा माणूस उठताबसता डोकं खात होता, तिला 1866 नंतर कुठे धड पाठबळ मिळालं. नळ्या तुमच्या क्रुपच्या, पण त्या वेळेवर आणि एकत्र आणल्या कुणी?

खर्चखाते
आयत्या पिठावर रेघोट्या! पोलादी नळ्यांची पहिली मोठी मागणी 1859ची, तीनशेच्या वर. तेव्हा तुमचा हिंडरसिन इन्स्पेक्टर जनरल नव्हताच. ते पद मिळालं 1864च्या डेन्मार्कशी झालेल्या युद्धात, ड्युप्पेलच्या तटबंदीवरच्या कामगिरीनंतर. म्हणजे तोफ निवडण्यात त्याचा वाटा शून्य. आणि 1866ला तोही राजाच्या मुख्यालयात तोफखान्याचा प्रमुख म्हणून हजर होता. श्रेय घ्यायचं तर तो मारही त्याच्याच खात्यावर लिहा.

बत्तीवाला
लिहा की, कोण नाही म्हणतंय? पण नळी कोठारात असणं आणि बॅटरीत असणं यात फरक आहे. त्याच्या आधीचा इन्स्पेक्टर जनरल हान. आपल्या कबरीवर सलामी गुळगुळीत नळीच्याच तोफांनी द्या असं हा गृहस्थ सांगून गेला, अशी कथा आहे. खरी-खोटी सोडा, पण अशी कथा ज्याच्या नावावर खपते त्याच्या हाताखाली नव्या तोफा किती वेगाने वाटल्या गेल्या असतील? किल्ल्यांवरचे गोलंदाज तर वर्षानुवर्षं त्याच बुरुजावर त्याच तोफांनी सराव करत होते. ती झोप हिंडरसिनने मोडली. पाद्र्याचा मुलगा, हालाखीत वाढलेला, 1820ला भरती झाला आणि अधिकारी व्हायला 1825 उजाडलं. नावापुढचं सरदारकीचं 'फॉन'सुद्धा ड्युप्पेलच्या कामगिरीचं, बापाकडून आलेलं नाही.

पाचरप्रेमी
थांबा. "पोलाद उत्तम होतं, मान्य" हे कुणी मान्य केलं? 1866 मध्ये 1864च्या नमुन्याच्या काही चार-पौंडी तोफा चालवताना फुटल्या, आपल्याच गोलंदाजांच्या अंगावर. या तोफा मागून भरायच्या. दोष होता नळीचं बूड बंद करणाऱ्या क्राइनरच्या दुहेरी पाचरीत. नळीच्या बुडाशी आरपार चौकोनी खोबण. तीत दोन पाचरी एकमेकींवर घसरतात. दांडा फिरवला की दोन्हींची मिळून जाडी वाढते आणि त्या खोबणीत गच्च बसतात. जळत्या दारूचा वायू अडवायला तांब्याची कडी. कडीच्या बैठकीवर काजळी राहिली की वायूला वाट मिळाली. तो पोलाद खातो आणि पुढच्या वेळी वाट आणखी रुंद. वर चौकोनी खोबणीचे कोपरे म्हणजे चिरेला आवतण, कारण सगळा ताण तिथेच गोळा होतो.

खर्चखाते
विषय श्रेयाचा आहे, सुतारकामाचा नाही.

पाचरप्रेमी
सुतारकाम?! त्या "सुतारकामा"मुळेच 1866 नंतर ब्राँझकडे परत चला अशी ओरड झाली होती. ब्राँझ फुटत नाही, आधी फुगतं, डोळ्यांना दिसतं. मोडीत काढलं तरी धातूची किंमत येते. ओतीव पोलाद मात्र काही न सांगता तुकडे होतं. युद्धानंतर 1873च्या तोफेत गोल पाठीची एकच पाचर आली, कोपरे गेले, तेव्हा हा प्रश्न सुटला. म्हणजे सेदाँला जी तोफ होती ती दोषासकट होती. क्रुपभक्तांनी याचं उत्तर द्यावं.

शिसेकाम
भाऊ, ब्राँझच्या फार प्रेमात पडू नका. प्रशियाच्या गोळ्याला शिशाचा लेप. तो खाचांत दाबला जाऊन गोळा फिरतो म्हणून शिसं नळीत चिकटतं आणि घासून काढावं लागतं. पोलादी खाचांच्या कडा हे घासणं सोसतात, ब्राँझ मऊ, त्याच्या कडा लवकर बसतात. तुमचं हे "फुगतं, दिसतं" ऐकायला छान. फुगलेल्या नळीतून नेम काय डोंबल लागणार?

पाचरप्रेमी
फुगलेली नळी बदलता येते. फुटलेल्या नळीपाशी उभा असलेला गोलंदाज बदलता येत नाही.

दारूकोठार
दोघे पाचरीत अडकलात, फ्यूजचा, म्हणजे गोळा फोडणाऱ्या कळीचा, विषय कुणीच काढला नाही. फ्रेंचांच्या चार-पौंडीच्या साध्या गोळ्याला वेळेचा फ्यूज, त्यावर दोनच खुणा. एक साधारण 1,500 मीटरची, दुसरी 2,800च्या आसपास. शत्रू 2,000वर असेल तर गोळा एकतर अलीकडे हवेत फुटणार नाहीतर पलीकडे. प्रशियाचा फ्यूज आदळल्यावर फुटणारा. भरताना त्यात आडवी पिन आणि वर ठिणगी देणाऱ्या टोपीचा स्क्रू. नळीबाहेर पडल्यावर फिरत्या गोळ्यातून पिन उडून जाते, आदळताच सुई टोपीवर. यातला मोठा फायदा कुणी सांगत नाही. गोळा जिथे पडतो तिथेच धूर उठतो, म्हणून अलीकडे पडला की पलीकडे हे दुर्बिणीतून कळतं. हवेत भलतीकडे फुटणाऱ्या गोळ्यावरून काय दुरुस्ती करणार? शाळेत जे शिकवलं ते या फ्यूजमुळे शिकवता आलं.

तोटाही ऐका. चिखलात गोळा रुतून फुटतो, तुकडे मातीत राहतात. 1866ला क्योनिगग्रेत्सच्या दिवशी जमीन पावसाने भिजलेलीच होती.

खर्चखाते
म्हणजे फ्यूजने जिंकलं. हिंडरसिन अजून सापडलेला नाही.

बत्तीवाला
सापडेल, 1870ची 18 ऑगस्ट आणि 1 सप्टेंबर शेजारी ठेवा. 18 ऑगस्टला सँ प्रिव्हा या गावापाशी तोफांचं काम पुरं होण्याआधी प्रशियाच्या शाही गार्डच्या पायदळाला उघड्या उतारावर सोडलं. फ्रेंचांची शास्पो बंदूक हजार मीटरच्या पलीकडून मारत होती, प्रशियाची ड्रायझे बंदूक त्याच्या निम्म्यावर. सुमारे 8,000 माणसं पडली. गाव पडलं ते संध्याकाळी, तोफांनी भाजून काढल्यावर. दोन आठवड्यांनी सेदाँला तेच गार्ड. गार्डच्या तोफखान्याचा प्रमुख राजपुत्र होहेनलोहे, त्याने 90 तोफा गारेनच्या जंगलावर रोखल्या, प्रत्येक बॅटरीला जंगलाचा आपापला तुकडा वाटून दिला, आणि पायदळ नंतर सोडलं. तीच पाचर, तोच फ्यूज, तेच पोलाद. 15 दिवसांत क्रुपने काय नवीन पाठवलं होतं?

खर्चखाते
बरं बाबा, जंगल होहेनलोहेचं. पण ते हिंडरसिनच्या खात्यात कसं वळवलंत? हा राजपुत्र स्वतःच्या डोक्याने चालणारा होता. आणि शाळेचं शिक्षण 1870 पर्यंत सगळ्या तोफखान्यात झिरपायला वेळच मिळाला नव्हता, हे तुम्हीही जाणता. घ्या, अर्धं श्रेय देतो. उरलेलं अर्धं सँ प्रिव्हाच्या उतारावरच्या 8,000ना, त्यांच्यामुळे सगळे शहाणे झाले.

बत्तीवाला
अर्धं चालेल. शाळा सगळ्यांपर्यंत पोचली नव्हती हे खरं आहे, तेवढं मागे घेतो.

शिसेकाम
आणि चार-पौंडी म्हणजे चार पौंडांचा गोळा असं समजून कुणी आकडेमोड करत असेल तर थांबा. ते नाव त्या नळीत बसणाऱ्या गोल लोखंडी गोळ्याच्या वजनावरून. 78.5 मिलिमीटरच्या नळीचा लांबट गोळा चार किलोच्या वर भरतो.

पाचरप्रेमी
लेपासकट. आणि तो लेप नळीतच राहतो असं आपणच वर म्हणालात, मग खाली किती पडतो ते सांगा.